हरिकेन कुणी 'सोडतं' का? हार्प, स्टॉर्मफ्युरी आणि तापलेला समुद्र

वातकुक्कुट (धागाकर्ता)

पलीकडच्या धाग्यावर अमेरिकेच्या निवडणुकीवर चर्चा चालली होती, ती "हेलीन आणि मिल्टन ही वादळं मुद्दाम सोडली होती" या वाक्यापाशी येऊन जी अडकली ती अडकलीच. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

आधी घडलं काय ते. २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री हेलीन हे चौथ्या श्रेणीचं हरिकेन (अमेरिकेकडचं चक्रीवादळ; वाऱ्याच्या जोरानुसार श्रेणी एक ते पाच) फ्लोरिडाच्या बिग बेंड भागात किनाऱ्यावर आलं. पण सगळ्यात भयंकर हाहाकार झाला तो शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत, पुराने आणि दरडींनी. एकूण बळी दोनशेच्या वर. दोन आठवडे व्हायच्या आत मेक्सिकोच्या आखातात मिल्टनने एका दिवसात पहिल्या श्रेणीवरून पाचवी गाठली आणि ९ ऑक्टोबरला, थोडं ओसरून तिसऱ्या श्रेणीत, ते फ्लोरिडावर धडकलं. लागोपाठ दोन, तीही मतदानाच्या तोंडावर. अफवांना आणखी काय हवं? अलास्कातल्या हार्प या संशोधन केंद्रातून रेडिओलहरी सोडून वादळ वळवलं, विमानांनी काहीतरी फवारलं, असं वाट्टेल ते फिरलं. अंदाज सांगणाऱ्या हवामानशास्त्रज्ञांना जिवे मारायच्या धमक्या आल्या.

हरिकेन चालतं समुद्राच्या उष्णतेवर. पृष्ठभागाचं पाणी साधारण २६.५ अंशांच्या वर हवं, तेही चांगलं पन्नासेक मीटर खोलीपर्यंत; नाहीतर वादळ स्वतःच घुसळून खालचं थंड पाणी वर आणतं आणि गळपटतं. खालचा आणि वरचा वारा फार वेगळ्या दिशेने किंवा वेगाने वाहत असेल तर वादळाचा खांब तिरपा होऊन मोडतो. विषुववृत्ताच्या अगदी जवळ पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम पुरेसा नसतो, म्हणून तिथे भोवरा धरत नाही. हे सगळं जुळलं की बाष्प वर चढतं, थंड होऊन त्याचं पाणी होतं, आणि तेव्हा सुप्त उष्मा बाहेर पडतो. सरासरी हरिकेनमध्ये हा उष्मा सेकंदाला ६०० लाख कोटी ज्यूल, म्हणजे ६०० लाख कोटी वॉट असतो. जगभरात सरासरी जितकी वीज तयार होते तिच्या दीडशे ते दोनशे पट. यातला अगदी थोडा भाग वाऱ्याच्या रूपाने दिसतो.

आता हार्प. त्याच्या प्रक्षेपकाची ताकद ३.६ मेगावॉट. भागाकार करून बघा: सोळा-सतरा कोटी पट फरक येतो. शिवाय त्या लहरी खालच्या हवेत शोषल्याच जात नाहीत. त्यांचं काम ८० किलोमीटरच्या वरच्या आयनमंडलात, म्हणजे विद्युतभारित कणांच्या थरात. वादळ असतं खालच्या १५-१६ किलोमीटरांत.

हरिकेन घडवणं किंवा वळवणं आजवर कुणाला जमलेलं नाही. मात्र माणसाचा हात त्यात अजिबातच नाही, असंही नाही. तो कुठे आहे आणि कुठे नाही, यावर बोलूया.

---

टोळभैरव

धागा वाचतोय. एक बालबुद्धीचा प्रश्न: वादळाच्या डोळ्यात, म्हणजे मधल्या शांत भागात, अणुबॉम्ब टाकला तर? हलके घ्या, पण उत्तर द्या.

---

वातकुक्कुट

@टोळभैरव, हा प्रश्न अमेरिकेच्या हवामान खात्याला इतके लोक विचारतात की त्यांनी त्याचं कायमचं उत्तर लिहून ठेवलंय. कमीत कमी धरलं तरी मोठं हरिकेन दर वीस मिनिटांनी १० मेगाटनचा एक बॉम्ब फुटावा इतकी उष्णता सोडत असतं. त्यात आपला एक टाकून काय होणार?

खरी अडचण दाबाची आहे. डोळ्यात हवेचा दाब कमी असतो म्हणून बाहेरची हवा आत धावते. पाचव्या श्रेणीचं वादळ दुसऱ्या श्रेणीवर आणायचं तर डोळ्यातल्या प्रत्येक चौरस मीटरवर अर्धा टन जादा हवा आणून ठेवावी लागेल. डोळ्याची त्रिज्या २० किलोमीटर धरली तर साठ कोटी टनांच्या वर. स्फोटाची लाट येते आणि जाते. मागे हवा काही ठेवून जात नाही. किरणोत्सारी धूळ मात्र ठेवते, आणि ती घेऊन वादळ किनाऱ्याकडे निघतं.

---

बंडूनाना

आकडेमोड ठीक आहे. पण तुम्ही सगळे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरता. १९४७ साली अमेरिकेने हरिकेनमध्ये काहीतरी टाकलं आणि ते फिरून परत जमिनीवर आलं, हे खरं की खोटं? खरं असेल तर "जमतच नाही" हे कशाच्या जोरावर म्हणता?

---

सागरलाट

नाना, खरं आहे. आणि ते नीट सांगण्यासारखं आहे, म्हणून जरा लांबण लावते.

१९४६ मध्ये व्हिन्सेंट शेफरला जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत दिसलं की शून्याखाली गेलेलं पण न गोठलेलं ढगातलं पाणी कोरड्या बर्फाचा (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा) तुकडा पडताच क्षणात स्फटिक होतं. बर्नार्ड व्हॉनेगटने तेच काम सिल्व्हर आयोडाइडने होतं हे दाखवलं. त्यांचे ज्येष्ठ सहकारी आयर्विंग लँगम्यूर, १९३२ चे रसायनशास्त्राचे नोबेल विजेते. कृत्रिम पावसाची सगळी कहाणी इथून सुरू होते. मग लष्कराला बरोबर घेऊन 'प्रोजेक्ट सायरस' निघाला.

१३ ऑक्टोबर १९४७. फ्लोरिडा ओलांडून एक हरिकेन अटलांटिकमध्ये दूर, ईशान्येकडे चाललं होतं. आता ते कुणाच्या वाटेत नाही असं धरून विमानांनी त्याच्या बाहेरच्या ढगांत सुमारे ८० किलो कोरडा बर्फ टाकला. ढगांच्या थरात ठळक बदल दिसला, अशी विमानातल्यांची नोंद आहे. त्यानंतर वादळ पश्चिमेकडे वळलं आणि १५ तारखेला जॉर्जियात सव्हानाजवळ आदळलं. लोक खवळले, खटल्यांच्या धमक्या आल्या. आणि मौज म्हणजे लँगम्यूर स्वतःच छातीठोकपणे सांगत राहिले की ते आमच्यामुळेच वळलं! लष्कराला नको असलेलं श्रेय शास्त्रज्ञ ओढून घेत होता.

मग दशकभर हरिकेनला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. १९६२ मध्ये 'प्रोजेक्ट स्टॉर्मफ्युरी' सुरू झाला. कल्पना डोकेबाज होती. हरिकेनचा सर्वात जोरदार वारा डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीत असतो. भिंतीच्या जरा बाहेर सिल्व्हर आयोडाइड टाकायचं. तिथलं अतिशीत पाणी गोठेल, उष्णता सुटेल, बाहेरचे ढग फुगतील आणि आतल्या भिंतीची रसद तोडतील. जुनी भिंत विरेल, मोठ्या घेराची नवी उभी राहील. घेर वाढला की वारा मंदावतो.

ऑगस्ट १९६९ मध्ये हरिकेन डेबीवर हे केलं. १८ तारखेला दर दोन तासांनी पाच वेळा बीजन (ढगांत सिल्व्हर आयोडाइड टाकणं), आणि वारा सुमारे ३० टक्क्यांनी उतरला. १९ ला काही केलं नाही, वादळाने पुन्हा जोर धरला. २० ला पुन्हा बीजन, पुन्हा सुमारे १५ टक्के घट. याहून सुंदर निकाल कोणाला मिळेल?

---

टोळभैरव

सागरलाटताई, इथे थांबू नका! मग बंद का केलं?

---

सागरलाट

दोन कारणं. हरिकेनच्या ढगांत विमानं घालून मोजल्यावर कळलं की तिथे न गोठलेलं अतिशीत पाणी फारच थोडं असतं; बरंचसं आधीच बर्फ झालेलं असतं. सिल्व्हर आयोडाइडला गोठवायलाच काही नाही.

दुसरं कारण जास्त बोचणारं. ज्या वादळांवर कुणी काहीच टाकलं नाही त्यांतही हाच खेळ आपोआप होताना दिसला. जोरदार हरिकेनमध्ये बाहेर ढगांचं दुसरं कडं तयार होतं, ते हळूहळू आवळत येतं, आतली भिंत उपाशी पडून विरते, वारा उतरतो. मग नवं कडं आक्रसलं की वारा पुन्हा चढतो. रडारवर काही तास एकात एक दोन वर्तुळं स्पष्ट दिसतात. १८, १९ आणि २० ऑगस्टचा तो चढउतार डेबीने एकटीनेच केला असता, असं म्हणायला पूर्ण जागा होती. १९८३ मध्ये प्रकल्प गुंडाळला.

अवांतर: मधल्या काळात क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रोने अमेरिका हरिकेनचं शस्त्र करतेय असा आरोप केला, मेक्सिकोने दुष्काळाचं खापर याच प्रकल्पावर फोडलं. प्रयोग पॅसिफिकमध्ये न्यायचा विचार झाला तेव्हा चीन आणि जपान दोघांनी नाराजी दाखवली. जपानला टायफूनच्या (तिकडच्या हरिकेनच्या) पावसाचं पाणी हवं असतं. म्हणजे वादळ थांबवता आलं असतं तरी "थांबवू नका" म्हणणारे निघालेच असते.

---

पायथागोरस

सागरलाट यांचा प्रतिसाद उत्तम. त्यात आकडेवारीची बाजू जोडतो.

स्टॉर्मफ्युरीत बीजन झालं ते जेमतेम चार हरिकेनमध्ये, आठ दिवस. त्यांपैकी चार दिवस वारा १० ते ३० टक्क्यांनी उतरला, चार दिवस काही नाही. इतके कमी प्रयोग का? कारण सायरसची धास्ती. पुढच्या २४ तासांत वस्तीकडे वळण्याची शक्यता १० टक्क्यांहून कमी असेल अशाच वादळाला हात लावायचा, असा नियम होता. अशी वादळं, तीही विमानांच्या टप्प्यात, वर्षानुवर्षं मिळत नाहीत.

आणि हरिकेनचा वारा एका दिवसात आपणहून ३० टक्के वरखाली होतो. आठ नोंदींवर तुम्ही काहीही सिद्ध करू शकत नाही. औषधाच्या चाचणीत अर्ध्या रुग्णांना बिनऔषधाची गोळी देतात. इथे डेबी एकच. बीजन न झालेली जुळी डेबी आणणार कुठून?

---

बंडूनाना

पायथागोरस, झकास! आता हेच वाक्य जपून ठेवा, कारण मी ते तुमच्यावरच उलटवणार आहे.

२०१७ मध्ये हार्वी आलं तेव्हा "यातला १५ टक्के पाऊस मानवनिर्मित तापमानवाढीमुळे" असं छापून आलं. हेलीनच्या वेळी "१० टक्के". आता सांगा, तापमानवाढ न झालेली जुळी हार्वी कुठून आणली? माणूस वादळात मुद्दाम ढवळाढवळ करतो म्हटलं की तुम्ही पुरावा मागता, आणि कारखान्याच्या धुराने नकळत करतो म्हटलं की लगेच दशांशासकट आकडे. हा दुटप्पीपणा नाही का?

---

टोळभैरव

नानांना +१. 🍿

---

पायथागोरस

नाना, प्रश्न रास्त आहे. या विषयावर मी वाचलेल्या बऱ्याच लेखांत तो कुणी विचारतच नाही.

जुळी हार्वी मिळत नाही, बरोबर. पण तीन गोष्टी वेगळ्या आहेत.

इथे भौतिकी आधीपासून पक्की आहे. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरायची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. हे १९ व्या शतकातलं क्लाउसियस-क्लापेरॉन समीकरण; हरिकेनचं नावही त्यात नाही. म्हणजे वादळ बघण्याआधीच उत्तराची दिशा ठरलेली होती. डेबीच्या वेळी ज्या पाण्यावर सगळा सिद्धांत उभा होता, ते ढगात जवळपास नव्हतंच.

दुसरं असं की एका वादळाकडे बघून निष्कर्ष काढत नाहीत. त्या किनाऱ्यावरच्या शंभरेक वर्षांच्या पावसाच्या नोंदी घेतात, आणि संगणकावर पुन्हा पुन्हा दोन पृथ्व्या चालवतात, एक आजची आणि एक कार्बन न वाढलेली. शंका घ्यायची तर या प्रारूपांवर जरूर घ्या. पण 'एकच रुग्ण' हा आक्षेप तिथे लागू पडत नाही.

आणि तिसरं म्हणजे आकडा एकच नाही. हार्वीने टेक्सासात नेदरलँड या गावी दीड हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पाडला. एका गटाने त्यातला मानवी वाटा सुमारे १५ टक्के काढला, पल्ला ८ ते १९. दुसऱ्या गटाचा अंदाज ३८ टक्के. दोन्ही आकडे ७ पेक्षा मोठे, कारण बहुधा तापलेल्या समुद्रावरचं वादळ नुसतं जास्त बाष्प धरत नाही, ते आजूबाजूचं जास्त बाष्प ओढूनही घेतं. छापून येताना पल्ला गळतो आणि एकच आकडा उरतो, ही तुमची तक्रार असेल तर मीही तुमच्या बाजूला.

---

निळीशाई

एवढा काथ्याकूट कशाला? दरवर्षी वादळांची संख्या वाढतेय हे शेंबडं पोरही सांगेल.

---

वातकुक्कुट

@निळीशाई, शेंबड्या पोराला सांगा, जगभरातली संख्या वाढलेली नाही. वर्षाला ८०-९० च्या आसपास उष्णकटिबंधीय वादळं नाव मिळण्याइतकी मोठी होतात, आणि तो आकडा वर्षानुवर्षं फारसा हललेला नाही. तापलेल्या जगात एकूण संख्या तेवढीच राहील किंवा किंचित घटेल, असं बहुतेक प्रारूपं म्हणतात.

बदलतोय तो प्रकार. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार गेल्या चार दशकांत तिसऱ्या ते पाचव्या श्रेणीतल्या वादळांचं प्रमाण बहुधा वाढलंय. पाऊस वाढण्याबद्दल खात्री जास्त. आणि वादळाबरोबर किनाऱ्यावर चढणाऱ्या पाण्याबद्दल तर वाद नको, कारण १९०१ ते २०१८ मध्ये समुद्राची सरासरी पातळीच २० सेंटिमीटरने वर आली आहे. लाट तीच, पण ती उभी कुठून राहते ते बदललं.

मला स्वतःला सर्वात धडकी भरते ती अचानक जोर धरण्याची. ऑक्टोबर २०२३ मधलं पॅसिफिकमधलं ओटिस बघा. साधं वादळ म्हणून नोंदलेलं, २४ तासांत पाचव्या श्रेणीचं होऊन मेक्सिकोच्या अकापुल्कोवर आदळलं. प्रारूपांनी ते पकडलंच नाही. लोक झोपेत होते. वादळ कुठे जाईल हे सांगण्यात प्रगती अफाट आहे: १९७० च्या सुमारास तीन दिवस पुढचा अंदाज सातशे-आठशे किलोमीटरने चुकायचा, आता दीडशेच्या आसपास. जोर किती असेल हे सांगणं त्यामानाने फार मागे आहे.

---

सागरलाट

एक उलटा मुद्दा टाकते, नानांना आवडेल.

अटलांटिकमध्ये हरिकेन १९८० नंतर वाढली, हे खरं. पण त्याचं श्रेय फक्त कार्बन डायऑक्साइडला देता येत नाही. साठ-सत्तरच्या दशकांत युरोप-अमेरिकेच्या धुरांड्यांतून सल्फेटचे कण इतके बाहेर पडत की ऊन परतून जाई आणि उत्तर अटलांटिक जरा थंड राही. मग प्रदूषणाचे कायदे आले, हवा स्वच्छ झाली, समुद्राला पुरेसं ऊन मिळू लागलं. २०२२ च्या एका अभ्यासात असं निघालं की कण निम्म्यावर आल्यामुळे चाळीस वर्षांत तिथल्या वादळांची संख्या ३३ टक्क्यांनी वाढली, आणि त्याच काळात आशियातली हवा कणांनी भरल्यामुळे पश्चिम पॅसिफिकमध्ये ती १४ टक्क्यांनी घटली. एका प्रारूपाचे आकडे आहेत, पण दिशा पटण्यासारखी.

---

टोळभैरव

म्हणजे धूर सोडा, वादळं टाळा?

---

सागरलाट

त्या धुराने फुप्फुसांच्या आणि हृदयाच्या विकारांनी मरणारी माणसं हरिकेनच्या बळींच्या कितीतरी पट आहेत. त्यामुळे नको.

---

निळीशाई

मग समुद्रच थंड केला तर? खालचं पाणी पंपाने वर आणायचं. कुठेतरी वाचलं होतं.

---

वातकुक्कुट

तेही संगणकावर करून पाहिलंय. दोन लाख साठ हजार चौरस किलोमीटर समुद्र दोन अंशांनी थंड केला, म्हणजे एकवीस हजार घन किलोमीटर पाणी. वादळ १५ टक्क्यांनी नरमलं. आणि ते नेमकं त्याच तुकड्यावरून जाणार हे काही दिवस आधी ठाऊक हवं.

माणसाच्या हाताचा आणखी एक प्रकार राहिला, तो जमिनीवरचा. ह्यूस्टनच्या उंच इमारतींनी वाऱ्याला अडवून हार्वीचा पाऊस वाढवला आणि सिमेंटखाली गेलेल्या जमिनीने पाणी मुरू दिलं नाही. दोन्ही मिळून तशा पुराची शक्यता सरासरी २१ पट झाली, असा २०१८ चा अभ्यास आहे. इथे हार्पही नाही आणि कार्बनही नाही, बांधकाम परवाने आहेत.

---

बंडूनाना

हार्पचा मुद्दा मी सोडला. पण दोन गोष्टी सोडत नाही. एक, काहीच जमत नसेल तर हवामानाचं शस्त्र करायला बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार कशाला केला? दोन, सव्हानाचं वळण. बर्फ टाकला आणि वळलं, हा निव्वळ योगायोग?

---

सागरलाट

नाना, करार झाला तो व्हिएतनाम युद्धामुळे. १९६७ ते १९७२ अमेरिकेने 'ऑपरेशन पोपाय' नावाखाली हो ची मिन्ह मार्गावर (उत्तर व्हिएतनामी सैन्याच्या रसदीच्या वाटेवर) कृत्रिम पाऊस पाडायचा प्रयत्न केला, रस्त्यांचा चिखल व्हावा म्हणून. गुपित फुटलं, गदारोळ झाला, आणि १९७८ मध्ये करार लागू झाला. पण तयार ढगातून थोडा जास्त पाऊस काढणं वेगळं आणि वादळ उभं करणं वेगळं. पहिल्यातही चांगल्या परिस्थितीत पाच-पंधरा टक्के हाती लागले तरी खूप.

सव्हानाबद्दल: नंतर नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की विमानांनी बर्फ टाकला तोवर वादळाने वळायला सुरुवात केलेली होती. आणि १९०६ मध्ये एक हरिकेन जवळपास त्याच वाटेने गेलं होतं. फ्लोरिडा ओलांडून बाहेर, मग मागे वळून परत. तेव्हा कोरडा बर्फ टाकायला विमानच नव्हतं. वादळाला दिशा देतात भोवतालचे शेकडो किलोमीटर रुंद वारे. ८० किलो बर्फाचा तिथे पाड लागत नाही.

---

बंडूनाना

१९०६ चा नकाशा शोधून बघतो, मग बोलतो. तोवर हे ऐका: फ्लोरिडाने २०२५ मध्ये हवामान बदलण्याच्या प्रयोगांवर कायद्याने बंदी घातली म्हणे. म्हणजे त्यांना तरी काहीतरी वाटतंय ना?

---

पायथागोरस

घातली. पाच वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख डॉलरपर्यंत दंड. त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०२४ मध्ये, त्याच राज्याने आपल्या कायद्यांतले 'हवामान बदला'चे बहुतेक उल्लेख खोडून टाकले. हेलीन आणि मिल्टन यायला तेव्हा पाच महिनेही उरले नव्हते.